सोनपट्टा आणि काळा विंचू

वडगावातल्या त्या माडीवरच्या खोलीत राहायला गेले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी सहाच्या सुमाराला खालून धप्प असा आवाज आला. मी दचकून उठले. मिनिटाभराने परत धप्प. मला वाटलं, मागाच्या शेडची भिंतच आली खाली. तशीच जिना उतरून धावले, तर साठीला टेकलेले आमचे घरमालक तुटक्या सुताच्या पोत्यांवर उताणे पडलेले.

"अहो आक्का, आप्पा पडले!" मी ओरडले.

त्यांची बायको चहा गाळत होती. तिने मानसुद्धा वर केली नाही. "पडूं दे," म्हणाली. "आजून आठ ऱ्हायल्यात."

आप्पा रोज सकाळी दहा वेळा पडायचे. कधी पाठीवर, कधी कुशीवर, कधी गुडघ्यातून वळून. पडून झालं की उठायचे, लुंगी झटकायचे आणि माग सुरू करायचे. साड्या विणणारा माणूस सकाळी पडतो कशाला, हे विचारल्याशिवाय मला कसलं चैन पडतंय? मी टिळकवाडीत एका वकिलांच्या ऑफिसात टायपिंग करते. दिवसभर दुसऱ्यांच्या उलटतपासण्या टाईप करून मला प्रश्न विचारायची वाईट खोड लागलेली आहे. माझं लग्न जमत नाही ते त्यामुळेच, असं आई म्हणते.

मी विचारलं, तर आप्पा म्हणाले, "पडायची सवय गेली की माणूस मोडतंय." आणि धोटा भरायला निघून गेले. ह्यावर समाधान मानणारी मी नव्हे.

त्यांच्या स्वभावाचा उलगडा व्हायला मला वर्षाहून जास्त लागलं. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. पहिल्यांदा आलं तेव्हा आप्पा जिन्याखाली उभे राहून गरजले, "झोपा! झोपा काढा! पाणी गेलं की मग रडत बसा! असली भाडेकरू ठेवली, माझीच अक्कल गहाण पडलीती!" मी संतापून घागर घेऊन खाली आले, तर माझी दोन्ही पिंपं काठोकाठ भरलेली. त्यांनीच भरली होती, माझी घागर लागायच्या आत. उलट, कौलातून पाणी गळत होतं तेव्हा मात्र, "व्हय गं बाई, तू काय काळजी करू नको, मी हाय न्हवं, लेकीवानी तू," असं इतकं गोड बोलले की मला भरून आलं. ते कौल सव्वा वर्ष गळत राहिलं.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आप्पा खेकसले की काम झालेलं असतं. आप्पा गोड बोलले की समजावं, कुठं तरी पाणी मुरतंय.

एका रविवारी आक्कांनी ट्रंक उन्हात घातली, तेव्हा सगळं बाहेर आलं. वर दोन मुखवटे होते. एक सोनेरी, साडीच्या पदराचा, डोळ्यांभोवती जर. दुसरा काळा, परकराच्या अस्तराचा, तोंडाला लाल दोऱ्याने शिवलेली नांगी. दोन्हींना डोळ्यांना आणि तोंडाला भोकं, दोन्ही आक्कांनी शिवलेले.

"ह्यो सोनपट्टा," आक्का म्हणाल्या, "आन् ह्यो काळा विंचू."

"ह्यातले आप्पा कुठले?"

"दोनी," आक्का म्हणाल्या आणि मुखवटे उलटे करून वाळत टाकले.

पंधरा-वीस वर्षांमागे निपाणी-संकेश्वरच्या पट्ट्यातल्या जत्रांमधून फ्रीस्टाईलचे खेळ व्हायचे. तांबड्या मातीतल्या कुस्तीशी त्याचा संबंध नाही, हे आप्पा कानाची पाळी धरून सांगायचे. "ती खरी कुस्ती. आमची ठरल्याली. पडणं तेवढं खरं." खेळ दोघांचा. आप्पा आणि त्यांच्याच गल्लीत मागावर काम करणारा त्यांचा दोस्त. उंची सारखी, बांधा सारखा, आणि तोंडावर मुखवटा. त्यामुळे आज हा सोनपट्टा तर उद्या तो. जत्रेला आलेल्या माणसांना वाटायचं, सोनपट्टा एकच आहे, विंचू एकच आहे. लाऊडस्पीकरवाला प्रत्येक गावात सांगायचा की सोनपट्टा आपल्या मातीतला आणि विंचू शेजारच्या गावचा. शेजारच्या गावात गेलं की विंचू ह्या गावचा व्हायचा. कुणाची कधी तक्रार आली नाही.

मला भलतीच उत्सुकता लागली. एकच माणूस सोमवारी देव आणि मंगळवारी राक्षस. मग त्याला स्वतःला काय वाटत असेल? मी आप्पांना उठता-बसता छळायला लागले. त्यांनाही सांगायला आवडायचं, फक्त खेकसून सांगायचे.

"सोनपट्ट्याला काय कळतंय?" ते म्हणायचे. "त्यो मागनं येणार. तवर विंचवानं अर्धा तास शिव्या खाऊन जत्रंचा माळ तापवल्याला. सोनपट्टा लोकांकडं बघत लढतो. हात वर कराय, छाती फुगवाय. विंचू कुणाकडं बघतो? सांग की! वकिलाकडं काम करतीस न्हवं?"

"कुणाकडे?"

"सोनपट्ट्याकडं! त्याचा पाय कुठं हाय, मान कुठं हाय, दम लागलाय का. सगळं विंचवानं बघायचं. पुढं काय करायचं ते कानात विंचवानंच सांगायचं. कारभारी त्यो. आन् नारळ मिळणार सोनपट्ट्याला!"

त्यांनी मला विंचवाची पकड करून दाखवली. दाखवली आक्कांवर. आक्का भाकरी थापत होत्या. आप्पांनी मागून जाऊन त्यांच्या मानेला असा विळखा घातला, डोळे वटारले, दात विचकले, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. मी घाबरून उभी राहिले. आक्का आरामात भाकरी थापत राहिल्या. "बोट घालून बघ," आप्पा दातओठ खात म्हणाले. मी त्यांचा हात आणि आक्कांची मान ह्यांच्यात बोट घातलं. चार बोटं गेली असती एवढी जागा होती.

"तोंडात सगळा जोर. हातात काय न्हाय," आप्पा म्हणाले. "सोनपट्ट्याचं उलटं. तोंडावर हासू आन् हातात जोर. म्हणून दुखापत झाली तर ती सोनपट्ट्याच्या हातनं. विंचवाच्या हातनं कदी न्हाय."

"सोडा आता, तवा तापलाय," आक्का म्हणाल्या.

कानात सांगायचे शब्द मागावरचे होते, म्हणजे पुढच्या रांगेत कुणाला ऐकू गेलं तरी कळू नये. 'ताणा' म्हटलं की पकड घालून ताणायचं. 'धोटा' म्हटलं की, आडवा दोरा नेणारा धोटा धावतो तसा, कमरेवरून ह्या बाजूचा त्या बाजूला फेकायचा. 'कांडी' म्हटलं की, सुताची कांडी बदलताना माग जरा थांबतो तसं, दम खायचा. आणि 'दोरा' म्हटलं की थांबायचं. मागावर दोरा तुटला की माग थांबवतात, नाहीतर पुढचं सगळं कापड वाया जातं. तसं खेळात खरोखर काही दुखलं, तर दोघांपैकी कुणीही 'दोरा' म्हणायचं आणि समोरच्याने जिथल्या तिथं थांबायचं. शिट्ट्या वाजू देत, चपला येऊ देत.

चपलांवरून आठवलं. विंचवाला पडलेल्या चपला आप्पांनी पोत्यात साठवल्या होत्या. सगळ्या एकेकट्या. कारण माणूस चिडून एकच चप्पल फेकतो आणि दुसरी घालून लंगडत घरी जातो. एकदा मात्र कुणीतरी कोल्हापुरीचा जोड पुरा फेकला. तो आप्पांनी दोन वर्षं वापरला.

ह्या नादात आप्पा सगळ्या जगाची वाटणी करायचे. पेपरात कुणाचा हसरा फोटो आला की, "सोनपट्टा. जपा." बसमध्ये सुट्ट्या पैशांवरून कावणारा कंडक्टर उतरताना म्हातारीचं गाठोडं खाली ठेवून गेला की, "विंचू हाय, विंचू!" असं कौतुकाने. मला बघायला एक मुलगा आला होता, उद्यमबागेतल्या कारखान्यात सुपरवायझर. भलताच गोड बोलत होता. मी त्याला पगाराबद्दल, आईबद्दल, धाकट्या भावाबद्दल विचारलं. तो गेल्यावर आप्पा जिन्याखालून ओरडले, "पडताना तुझ्या अंगावर पडंल त्यो! मला काय करायचंय! कर जा लगीन!" मी नाही केलं.

आता इतकं सगळं सांगायचे, पण त्या दोस्ताचा विषय निघाला की आप्पांचा आवाज बदलायचा. "देवमाणूस," म्हणायचे. "लई गुणाचा. त्याच्यासारखा त्योच." एवढं गोड. माझे कान टवकारले. आप्पा गोड बोलले की काय समजायचं, ते मला ठाऊक होतं.

दोस्त उचगावला राहत होता, सासुरवाडीची शेती बघत. वडगावपासून बसने अर्धा-पाऊण तास. आणि दोघे अठरा वर्षांत एकमेकांशी बोललेले नव्हते.

"का हो?" मी आक्कांना विचारलं.

"निपाणीकडच्या एका जत्रंत त्याचा खांदा निखळला. डावा हात कायमचा अधू झाला. मागावर बसणं सुटलं. तवा ह्ये सोनपट्टा हुते, त्यो विंचू. त्यानं 'दोरा' म्हटलं, ह्यास्नी गलक्यात ऐकू आलं न्हाय. ह्यांची काय चूक त्यात, सांग?"

पण उलटतपासणी टाईप करणाऱ्या बाईला एक गोष्ट खटकलीच. कारभारी विंचू सोनपट्ट्याच्या कानात बोलतो. गलका असो, काही असो, कानातलं ऐकू येणार नाही?

पंधरा दिवसांनी दुपारी लाईट गेली. वडगावात लाईट गेली की एकदम शांत होतं, कारण सगळे माग बंद पडतात. आक्का बाजाराला गेल्या होत्या. आप्पा मागाशी बसून तुटलेली टोकं जोडत होते. मी सरळ विचारलं.

"आप्पा, तेव्हा तुम्हाला ऐकू आलं होतं ना?"

त्यांनी आणखी एक टोक गाठीला घेतलं.

"आलतं," म्हणाले. "स्पष्ट आलतं. 'दोरा' म्हटला त्यो. पर सगळा माळ ओरडत हुता, सोनपट्टा, सोनपट्टा. मला वाटलं, एकदा उचलतो, मग थांबतो. एकदाच." त्यांनी हातातली गाठ सोडली. "उचलला आन् टाकला. त्यो पडला त्यो आवाजच न्यारा. तोंड वासून ओरडालता. लोक टाळ्या पिटालते. त्यास्नी वाटलं, नाटक. मला खांद्यावर घेतलं, हातात नारळ दिला. वरनं मला दिसालता त्यो, हात धरून बसल्याला. एका म्हातारीनं जाऊन त्याला लाथ घातली."

"मग दवाखान्यात?"

"दवाखान्यात म्हटलं, ऐकू आलं न्हाय रं." आप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले. "त्यानं माझ्याकडं बघितलं आन् तोंड भिंतीकडं केलं. झालं. तवापास्नं मी सोनपट्टा घातला न्हाय. दुसरी कोणकोण पोरं सोनपट्टा झाली, मी विंचूच. आक्कीला सुदिक ठावं न्हाय. सांगू नको."

मला त्यांचा राग आला. खरंच आला. खांदा निखळला ते समजू शकते, माणूस चुकतो. पण दवाखान्यात खोटं? दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ते माझ्याशी इतकं गोड बोलायला लागले की मलाच कसंतरी झालं. शेवटी मीच म्हटलं, "आप्पा, शिव्या द्या बघू एकदा."

जिथं तो खांदा निखळला होता, त्याच गावाच्या जत्रा कमिटीचा फोन आला, तो साधारण तेव्हाच. आताच्या पोरांनी लहानपणी बघितलेला खेळ. त्यांना सोनपट्टा आणि विंचू परत हवे होते. एकदाच, दहा मिनिटं, आणि मग सोनपट्ट्याला फेटा बांधून सत्कार. आप्पांनी हो म्हटलं नाही आणि नाही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून जिन्याखाली उभे. "उचगावला जायचंय. तू चल. तुला प्रश्न इचाराय येतंय."

उचगावात दोस्त दारातच शेंगा निवडत बसला होता, उजव्या हाताने. डावा मांडीवर ठेवलेला. त्याने आप्पांना बघितलं आणि शेंगा निवडायला लागला. मी कमिटीचं सांगितलं. सगळं ऐकून घेऊन तो माझ्याकडे बघून म्हणाला, "त्याला सांग, येतो मी."

आप्पा दोन फुटांवर उभे होते. मी वळून म्हटलं, "येतो म्हणतात."

"त्याला सांग, सोनपट्टा मी."

"सोनपट्टा ते."

"आन् विंचू त्यो. खाली पडल्यावर कसं वाटतंय ते कळूं दे त्याला." एवढं बोलून तो शेंगा घेऊन आत गेला. त्याच्या बायकोने आम्हाला चहा दिला. तिचा चेहरा बघून मला वाटलं, हे काही धड होणार नाही. येताना बसमध्ये आप्पा म्हणाले, "अधू हातानं कसा खेळंल?" आणि लगेच, "लई गुणाचा हाय." मी खिडकीबाहेर बघितलं.

जत्रेच्या दिवशी दुपारी चार वाजता माळावर ही एवढी माणसं. पलीकडे तंबाखूची रानं, अलीकडे भज्यांच्या गाड्या. मध्ये फळ्यांचा चौथरा, चार खांब, भोवती दोर. मी आणि आक्का एका कोपऱ्याशी पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या. आक्कांना काही ठाऊक नाही. दोस्ताने आमच्याशी एक शब्द काढला नव्हता. सोनेरी मुखवटा आक्कांच्या हातातून घेतला, तेवढंच.

आधी विंचू आला. काय सांगू! तोच माणूस, जो सकाळी चहात खारी बुडवून खातो, तो लाथेने धूळ उडवत आला, पंचायतीच्या अध्यक्षांची टोपी काढून स्वतः घातली, एका बाईच्या पुड्यातलं भजं खाल्लं आणि तिखट लागलं म्हणून तिच्यावरच डोळे वटारले. स्पीकरवाला ओरडला, "हा विंचू शेजारच्या गावचा!" आणि माळ पेटला. पहिली चप्पल पाचव्या मिनिटाला आली. आप्पांनी ती उचलून माप बघितलं आणि परत फेकली. मला हसू आवरेना.

मग सोनपट्टा आला. डावा हात पोटाशी धरलेला, चाल संथ. लोकांना वाटलं ऐट आहे. शिट्ट्या, टाळ्या, मोबाईल वर. दोघे समोरासमोर आले. विंचवाने विळखा घातला, दात विचकले आणि सोनपट्ट्याच्या कानात काहीतरी म्हटलं. सोनपट्ट्याने ताणलं. पुढचंही कानात सांगितलं, पुढचंही झालं. अठरा वर्षं बोललेले नव्हते, पण हातपाय विसरलेले नव्हते. शेवटी आमच्याच कोपऱ्यात आप्पांचा आवाज मला ऐकू आला, "धोटा. सावकाश. उजव्या कमरंवरनं."

सोनपट्ट्याने एका हाताने फेकला. आप्पा गेले वरून आणि पडले.

दोन वर्षं मी रोज सकाळी दहा वेळा ते पडणं ऐकलंय. हा आवाज तो नव्हता. पाय खाली मुडपला होता.

सोनपट्टा वर उभा. शेवटचा रट्टा घालायला उजवा हात उचललेला. सगळा माळ एका सुरात, "मार! मार!" आणि खालून आप्पा म्हणाले, "दोरा."

हात हवेतच थांबला.

"ए सोनपट्ट्या, झोपलास काय!" कुणीतरी ओरडलं. हुर्यो सुरू झाली. एक चप्पल आली ती सोनपट्ट्याच्या पाठीवर बसली. तो हलला नाही. हळूच गुडघ्यावर बसला आणि उजवा हात आप्पांच्या मानेखाली घातला.

"थांबलो रं," म्हणाला. "थांबलो बघ."

काळ्या अस्तराच्या आत आप्पा रडायला लागले. मुखवटा हलत होता त्यावरून कळलं. "तवा मला ऐकू आलतं," ते म्हणाले. "मी लबाड बोललो. ऐकू आलतं मला."

माझ्याशेजारी आक्कांच्या हातातला तांब्या कलंडला.

"ठावं हाय," सोनपट्टा म्हणाला. "तुझ्या तोंडनं ऐकायचं हुतं. अठरा वर्सं लावलास." मग त्याने गुडघा चाचपून बघितला. "मोडला न्हाय. मुरगाळलाय. ऊठ आता, लोक माझ्यावर चिडालेत. शिवी दे मला एक चांगली."

विंचू एका पायावर उठला, दोर धरला आणि अशी काही शिवी हासडली की पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. माळ पुन्हा पेटला. सोनपट्ट्याने नुसतं बोट लावलं आणि विंचू आडवा झाला. फेटा बांधला गेला, नारळ मिळाला. विंचवाला आम्ही दोघींनी आधार देऊन मागच्या बाजूने काढला, आणि तेवढ्यातही एका म्हातारीने त्याच्या पाठीत छत्री घातलीच.

परतीच्या बसमध्ये आप्पा खिडकीशी, पाय लांब करून. शेजारी आक्का, तोंड फुगवून. मागच्या बाकावर मी आणि दोस्त. त्याच्या डोक्यावर फेटा तसाच. तो पेंगत होता.

गुडघ्याला धक्का बसला तसे आप्पा कळवळले आणि एकदम मागे वळून गरजले, "बैल हाय ह्यो, बैल! उजव्या कमरंवरनं म्हटलं तर डाव्यावरनं टाकतंय! मान धरली का गवत उपटलं! अठरा वर्सं शेंगा निवडून अक्कल पार गेली ह्याची! फेटा घालून झोपतंय बघ गाढव! आन् ती काच लाव, वारं लागलं तर उद्या खांदा धरंल तुझा, मग बोंबलत बसशील!"

दोस्ताने डोळे न उघडता काच ओढून घेतली.

मी आक्कांकडे बघितलं. त्या पदराने डोळे पुसत होत्या आणि हसत होत्या. "ऐकलंस गं?" मला म्हणाल्या. "अठरा वर्सांत पयल्यांदा मनापास्नं शिव्या दिल्या त्याला."